तुटलेल्या धातूची साक्ष : विमानाच्या भागांतील ‘शीण’ आणि त्याचा तपास

विमान अपघात घडला की सर्वांचे लक्ष प्रथम ब्लॅक बॉक्सकडे जाते. वैमानिकांचे अखेरचे संभाषण, विमानाचा वेग, उंची, दिशा यांची नोंद त्यात असते. मात्र विमानाचा एखादा भाग तुटला असेल, तर तो का तुटला हे ब्लॅक बॉक्स सांगू शकत नाही. त्याचे उत्तर तुटलेल्या धातूच्या पृष्ठभागावर शोधावे लागते. धातूला आलेला शीण, म्हणजेच अभियंत्यांच्या भाषेतील ‘मेटल फटीग’, हे अशा तुटण्यामागील एक प्रमुख कारण होय.

धातूच्या तुकड्यावर त्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी भार टाकला, तर तो एका वेळेस तुटत नाही. परंतु तोच भार हजारो वेळा टाकला आणि काढला, तर त्यात सूक्ष्म तडा पडू शकतो. प्रत्येक नव्या भारागणिक तो तडा किंचित पुढे सरकतो. शेवटी उरलेला सलग भाग इतका थोडा राहतो की नेहमीचाच भार त्याला पेलवत नाही आणि तो एका क्षणात तुटतो. तार वारंवार वाकवून तोडण्याचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. ते समजावयास सोपे असले तरी पुरेसे नाही. तार वाकताना डोळ्यांना दिसते. शीण आलेला विमानाचा भाग मात्र अखेरपर्यंत धडधाकट दिसतो. तो वाकत नाही, फुगत नाही, आवाजही करीत नाही.

विमानाच्या बाबतीत असा पुनःपुन्हा येणारा भार अनेक प्रकारचा असतो. उंचावरील हवा विरळ असल्याने प्रवासी कक्षात दाब निर्माण करावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुग्याप्रमाणे किंचित फुगते व उतरल्यावर पूर्ववत होते. इंजिनातील चकत्या प्रत्येक उड्डाणाच्या वेळी पूर्ण वेगाने फिरतात आणि नंतर थांबतात. पंखांवर वाऱ्याचे झोत आदळतात, चाकांच्या दांड्यांवर उतरतानाचा धक्का बसतो. म्हणूनच विमानाचे वय मोजताना वर्षे व तास यांच्या जोडीला उड्डाणांची संख्याही मोजली जाते, आणि शिणाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची असते.

रेल्वेच्या आसापासून आरंभ

या विषयाचा अभ्यास विमानांमुळे सुरू झाला नाही. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समधील व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि त्यानंतर लागलेल्या आगीत मोठी जीवितहानी झाली. चांगल्या लोखंडाचे आस काही काळाच्या वापरानंतर अचानक का तुटतात, हा प्रश्न त्यानंतर युरोपातील अभियंत्यांना सतावू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले. एकदाच येणाऱ्या मोठ्या भारापेक्षा पुनःपुन्हा येणाऱ्या भाराच्या चढउताराची व्याप्ती व त्याची आवर्तने निर्णायक असतात, असे त्याने दाखवून दिले. पोलादाच्या बाबतीत भार एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते, असेही आढळून आले. विमानांचे धड ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे बनविले जाते, त्यांना मात्र अशी स्पष्ट मर्यादा नाही. पुरेशी आवर्तने झाली की लहान भारही त्यांना पुरतो.

कॉमेटचे प्रकरण

विमान वाहतुकीला या प्रश्नाची खरी ओळख झाली ती ब्रिटनच्या ‘डी हॅव्हिलँड कॉमेट’ या विमानामुळे. जगातील पहिली नियमित जेट प्रवासी सेवा याच विमानाने २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू झाली. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कोलकात्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले एक कॉमेट काही मिनिटांतच वादळी हवेत सापडून कोसळले. विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. भारत सरकारने नेमलेल्या चौकशी न्यायालयाने हवेतच विमानाचा सांगाडा मोडल्याचा निष्कर्ष काढला व त्याचा संबंध वादळाशी जोडला. त्या वेळी तो वाजवीच होता. शिणाचा संशय अद्याप कोणाच्या मनात आला नव्हता.

१० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनकडे निघालेले दुसरे कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यात ३५ जणांचा मृत्यू झाला. हवा स्वच्छ होती आणि वादळाचा प्रश्नच नव्हता. कॉमेटची उड्डाणे थांबविण्यात आली, विमानांमध्ये अनेक सुधारणा करण्यात आल्या आणि मार्च महिन्यात सेवा पुन्हा सुरू झाली. या सुधारणा करताना नेमके कारण कोणालाच ठाऊक नव्हते. जी जी शक्यता सुचली तिच्यावर उपाय योजला गेला. अवघ्या काही दिवसांत, ८ एप्रिल रोजी, रोमहून कैरोकडे निघालेले तिसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात पडले व २१ जण दगावले.

यानंतर फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटचे संचालक अर्नोल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जो तपास झाला, तो आजही आदर्श मानला जातो. नौदलाने एल्बाजवळील समुद्रतळातून विमानाचे अवशेष बाहेर काढले आणि ते एका सांगाड्यावर जागच्या जागी बसविण्यात आले. दुसरीकडे, सेवेतील एक संपूर्ण कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले. त्याचे पंख टाकीबाहेर होते. धडात पाणी भरून दाब वाढवायचा आणि कमी करायचा, त्याच वेळी यंत्रांनी पंख हलवायचे, अशी रचना होती. हवेऐवजी पाणी वापरण्याचे कारण असे की हवेच्या दाबाने धड फुटले असते तर बॉम्बस्फोटाप्रमाणे त्याचे तुकडे झाले असते आणि तडा कोठे सुरू झाला हे कळलेच नसते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे तडा पडताच दाब उतरतो व पुरावा शाबूत राहतो.

प्रत्यक्ष उड्डाणे व टाकीतील आवर्तने मिळून सुमारे तीन हजारांचा आकडा गाठला तेव्हा धड फाटले. तड्याची सुरुवात एका खिडकीवजा झरोक्याच्या कोपऱ्याजवळ झाली होती. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची त्या वेळी १,२९० आणि नेपल्सजवळ पडलेल्या विमानाची ९०० उड्डाणे झाली होती. पुढे समुद्रातून मिळालेल्या छताच्या तुकड्यावर दिशादर्शक अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कडेला, एका छिद्रापाशी, शिणाच्या तड्याचा आरंभ आढळला. कॉमेटच्या चौकोनी खिडक्यांमुळे अपघात झाले असे आजही सर्रास सांगितले जाते. त्यात तथ्यांश आहे, पण एल्बाच्या विमानाचा तडा प्रवाशांच्या खिडकीपासून निघाला नव्हता. झरोक्यांच्या कोपऱ्यांवर व छिद्रांच्या कडेला ताण एकवटतो आणि तो रचनाकारांच्या अंदाजापेक्षा बराच अधिक होता, हा खरा निष्कर्ष होता.

या प्रकरणातील एक बाब विशेष बोधप्रद आहे. कंपनीने स्वतः शिणाची चाचणी घेतली होती आणि चाचणीतील धडाचा भाग पंधरा हजारांहून अधिक आवर्तने टिकला होता. मग प्रत्यक्ष विमाने हजार-बाराशे उड्डाणांत का फाटली? त्याच नमुन्यावर आधी ताकदीची चाचणी म्हणून नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांजवळील धातू किंचित ताणला गेला आणि दाब काढल्यावर तेथे उलट दिशेचा, आवळणारा ताण शिल्लक राहिला. त्यामुळे तडा उशिरा पडला. एका चाचणीने दुसरी चाचणी नकळत खोटी ठरविली होती.

तुटलेला पृष्ठभाग कसा वाचतात

अपघातस्थळी पोहोचलेल्या धातुतज्ज्ञाला पहिली काळजी असते ती पुरावा नष्ट होऊ न देण्याची. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना जुळतात का हे पाहण्याचा मोह अनावर असतो. परंतु ते जुळविताना घासले गेले तर त्यांवरील सूक्ष्म खुणा कायमच्या पुसल्या जातात. पृष्ठभागाला बोट लावावयाचे नाही, तो तारेच्या ब्रशने घासावयाचा नाही, आणि समुद्रातून काढलेला तुकडा गंजण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावयाचा, हे पथ्य कसोशीने पाळले जाते.

त्यानंतर प्रथम नुसत्या डोळ्यांनी व साध्या भिंगाने पाहणी होते. शिणाने तुटलेला भाग बहुधा सपाट व गुळगुळीत असतो. ओहोटीच्या वेळी पाणी मागे हटताना वाळूवर जशा वक्र रेघा उमटतात, तशाच वळ्या त्यावर दिसतात. या वळ्यांचा मध्य शोधत मागे गेले की तड्याचा उगम सापडतो. अखेरीस एकदम तुटलेला भाग मात्र खडबडीत असतो. गुळगुळीत भाग किती आणि खडबडीत किती, यावरून शेवटच्या क्षणी भार मोठा होता की सामान्य, याचा अंदाज येतो. खडबडीत भाग लहान असेल, तर तडा दीर्घकाळ वाढत होता आणि अखेरचा भार फारसा मोठा नव्हता असे समजावे.

पुढची पायरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची. हजारो पटींनी मोठे करून पाहिल्यावर त्या वळ्यांच्या आत अतिशय बारीक, समांतर रेषा दिसतात. अनुकूल परिस्थितीत यातील एक रेषा म्हणजे भाराचे एक आवर्तन, म्हणजेच पुष्कळदा एक उड्डाण. दोन रेषांमधील अंतर मायक्रॉनच्या अंशापासून काही मायक्रॉनपर्यंत असते. झाडाच्या खोडातील कडी मोजून वय सांगावे, तसे या रेषा मोजून तड्याचे वय सांगता येते. अर्थात हे गणित नेहमीच सरळ नसते. वेगवान कंपनांमुळे पडलेल्या रेषा इतक्या दाट असतात की त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, आणि काही ठिकाणी त्या घासल्या वा गंजल्या जातात.

शीण नाही, हे सिद्ध करणेही तितकेच महत्त्वाचे असते. एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे बोईंग ७४७ विमान २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरात कोसळून ३२९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सातच आठवड्यांनी जपानमध्ये याच जातीच्या विमानाचा भीषण अपघात झाला. विमानाच्या सांगाड्यातच दोष असावा काय, ही शंका त्या दिवसांत गंभीरपणे घेतली गेली. समुद्रतळातून वर काढलेल्या अवशेषांचा अभ्यास झाला आणि न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या आयोगाने १९८६ मध्ये सामानकक्षातील बॉम्बस्फोट हेच कारण असल्याचा निष्कर्ष दिला. भारतात नागरी विमान अपघातांचा तपास २०१२ मध्ये स्थापन झालेला विमान अपघात अन्वेषण ब्यूरो करतो. धातूंच्या अशा परीक्षणाचा दीर्घ अनुभव बेंगळुरू येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज या संस्थेपाशी आहे.

आयोवाच्या शेतातील चकती

तड्याचा उगम सापडला की तपास संपला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अधिक अवघड प्रश्न पुढेच असतो : हा तडा आधी कोणाला का दिसला नाही? अमेरिकेतील एका अपघाताने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते इतके नेमके आहे की त्याचा तपशील पाहावयास हवा.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान डेन्व्हरहून शिकागोकडे जात होते. शेपटीतील दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाची पुढची, पंख्याची चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तोडल्या. सुकाणूचे कोणतेही पृष्ठ हलेनासे झाले. कॅप्टन अल हेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमान उतरताना उलटले व त्याचे तुकडे झाले. २९६ पैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. १८४ जण वाचले.

चकतीचे तुकडे मात्र विमानाबरोबर नव्हते. ते वाटेतच, आल्टा या गावाच्या परिसरात, मक्याच्या शेतांत पडले होते. उंच वाढलेल्या पिकात ते सापडेनात. इंजिन बनविणाऱ्या कंपनीने बक्षीस जाहीर केले. अखेर सुमारे तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मक्याची कापणी चालू असताना चकतीचा मोठा भाग एका शेतात मिळाला.

ही चकती टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती. तिच्या मधल्या भोकाच्या पृष्ठभागावर जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची एक पोकळी आढळली आणि तड्याचा उगम तेथेच होता. टायटॅनियम वितळविताना त्यात नायट्रोजनचे प्रमाण एका जागी वाढले, तर तेथे अतिशय कठीण व ठिसूळ असा कण तयार होतो. १९७१ मध्ये घडविलेल्या या चकतीत असा एक कण राहून गेला होता. पुढे टायटॅनियम दोनऐवजी तीन वेळा निर्वातात वितळविण्याची पद्धत आली. ही चकती त्याच्या थोडी आधीची. अपघातापर्यंत तिची १५,५०३ आवर्तने झाली होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या मुख्य रेषांची संख्या त्याच्या जवळपास आली. म्हणजे ही चकती सेवेत आली तेव्हापासूनच, जवळजवळ पहिल्या उड्डाणापासून, तडा वाढत होता.

शेवटची तपासणी अपघातापूर्वी ७६० आवर्तने आधी, १९८८ मध्ये, झाली होती. या तपासणीत सुट्या भागावर चकाकणारा द्रव लावतात. तो तड्यात शिरतो. वरचा द्रव धुऊन काढल्यावर अतिनील प्रकाशात तडा उजळून दिसतो. तपासकर्त्यांना तड्याच्या पृष्ठभागावर रंग बदललेला एक भाग दिसला. त्याच्या कडेवरून ७६० आवर्तनांपूर्वी तडा भोकाच्या पृष्ठभागावर सुमारे १२ मिलिमीटर लांब होता हे कळले. एवढेच नव्हे, तर रासायनिक विश्लेषणात त्या तड्यात तपासणीच्या द्रवाचे अंश सापडले. तडा होता, तो पुरेसा मोठा होता, द्रव त्यात शिरलाही होता. पाहणाऱ्याला तो दिसला नाही. तपासणीच्या वेळी चकती मधल्या भोकातून ओवलेल्या दोरावर लटकविली जात असे. त्यामुळे नेमकी हीच जागा झाकली गेली असावी, ही एक शक्यता पुढे आली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९० च्या अहवालात अपघाताचे संभाव्य कारण सांगताना धातूतील कणाचा उल्लेख केला. परंतु प्रथम स्थान दिले ते तपासणीच्या पद्धतीत मानवी मर्यादांचा पुरेसा विचार न झाल्याला. दिवसभर निर्दोष भाग पाहणाऱ्या माणसाला शेकड्यातून एखादाच सदोष भाग दिसावयाचा असतो, आणि त्याच वेळी त्याची नजर जागी असावी लागते.

तडा आहे असे धरून चालणे

सू सिटीच्या आधीच विमानांच्या रचनेचे धोरण बदलू लागले होते. १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका येथे उतरणाऱ्या एका मालवाहू बोईंग ७०७ चे शेपटीकडील आडवे पृष्ठ शिणामुळे तुटले व सहा जण दगावले. त्या भागाची रचना अशी होती की एक घटक तुटला तर दुसऱ्याने भार पेलावा. पहिला घटक तुटल्यावर दुसऱ्याने तो पेललाही. पण पहिला तुटल्याचे कोणाच्या लक्षात येण्याआधीच दुसराही गेला. जी तूट कोणी पाहत नाही तिच्यासाठी केलेली तरतूद व्यर्थ असते, हे यातून स्पष्ट झाले. १९७८ मध्ये अमेरिकेच्या नियमांत बदल झाला. रचनेत तडा पडणारच असे गृहीत धरून तो दिसण्याजोगा होणे आणि धोकादायक होणे यांमधील कालावधी काढावा व त्या कालावधीत एकाहून अधिक वेळा तपासणी व्हावी, असे तत्त्व स्वीकारले गेले. तुटलेल्या पृष्ठभागावर मोजलेल्या रेषा या गणिताच्या कामी येतात.

तरीही गणिताच्या कक्षेबाहेरच्या गोष्टी घडल्या. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सच्या बोईंग ७४७ ला झालेल्या अपघातात ५२० जणांचा बळी गेला. केवळ चौघे वाचले. १९७८ मध्ये ओसाका येथे उतरताना या विमानाची शेपटी जमिनीला घासली होती. मागील दाबरोधक भिंतीच्या दुरुस्तीत रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यावयाचा होता. जोडपट्टी अखंड न लावता दोन तुकड्यांत लावली गेल्याने तो एकाच ओळीवर आला. बारा हजारांहून अधिक उड्डाणे ती दुरुस्ती टिकली. मूळ आराखड्यावर केलेले कोणतेही गणित या विमानाला लागू नव्हते, आणि ते कोणाला माहीतही नव्हते.

हवाई बेटांदरम्यान धावणाऱ्या अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ ची गोष्ट याहून निराळी. २८ एप्रिल १९८८ रोजी सुमारे २४,००० फुटांवर त्याच्या छताचा मोठा भाग उडून गेला. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी उघड्या छताचे विमान सुखरूप उतरविले. बेटांमधील अंतरे लहान असल्याने या विमानाची तब्बल ८९,६८० उड्डाणे झाली होती. खाऱ्या हवेत पत्र्यांचा चिकटविलेला सांधा सुटला आणि भार रिव्हेटच्या छिद्रांवर आला. एका ओळीतील अनेक छिद्रांपाशी लहान लहान तडे पडले व ते एकमेकांना मिळाले. विमानात चढताना एका प्रवाशाला दरवाज्याजवळ पत्र्यातील तडा दिसला होता, असे तपासात निष्पन्न झाले. तिने तो कोणाला सांगितला नाही.

१७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्ट एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ च्या इंजिनातील पंख्याचे एक पाते मुळापाशी तुटले. आवरणाच्या तुकड्यांनी खिडकी फोडली व एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला. त्या पात्याची ३२ हजारांहून अधिक आवर्तने झाली होती. २०१२ च्या ओव्हरहॉलमध्ये त्याची तपासणी चकाकणाऱ्या द्रवाने झाली होती आणि त्या वेळी असलेला तडा बहुधा नजरेतून सुटला, असे तपासात नमूद झाले. याच कंपनीच्या एका विमानाचे असेच पाते ऑगस्ट २०१६ मध्येही तुटले होते. मात्र पात्यांच्या तपासणीचा तातडीचा आदेश २०१८ मध्ये, मृत्यूनंतर निघाला. आता या पात्यांची मुळे ध्वनिलहरींनी किंवा विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तपासली जातात, आणि ती तपासणी ठरावीक आवर्तनांनंतर पुनःपुन्हा करावी लागते.